स्वमग्न मुले, त्यांचे आईवडील आणि आपली जमाअत



हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मदीनेतील एका स्त्रीच्या बुद्धीत काही उणीव होती. आपले काही काम आहे, असे तिने प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितले. प्रेषितांनी (स.) तिला अमुकची आई म्हणून सन्मानाने हाक दिली, कोणत्या गल्लीत थांबायचे हे तिलाच ठरवू दिले आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ते तिच्यासाठी उभे राहिले. ती काय बोलली, हे हदीसमध्ये आलेले नाही. तिला घाई केली गेली नाही, एवढे मात्र आले आहे.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहा. स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण. अशी काही मुले बोलत नाहीत, काही नजरेला नजर देत नाहीत; कुणाला मोठा आवाज असह्य होतो. ही जिन्नाची बाधा नव्हे आणि आईवडिलांच्या पापाची शिक्षाही नव्हे. तरीही प्रत्येक लग्नसमारंभात त्या आईला ऐकावे लागते, ‘तुमचेच लक्ष नसेल!’ (आणि बाधा उतरवण्याच्या नावाखाली या घरांकडून पैसे उकळणाऱ्यांविषयी काय बोलावे?)

हा आरोप एकेकाळी विद्वानांनीही केला होता. आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असे विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील नामवंत तज्ज्ञ मानत. ते खोडून काढणारा ग्रंथ 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी लिहिला; ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. आपल्या देशात 1991 मध्ये दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था मेरी बरुआ या एका आईनेच उभी केली. पुढे 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, दोहोंत स्वमग्नतेला नावानिशी स्थान मिळाले.

‘सब्र करा’ असे या पालकांना सांगणे सोपे आहे. परंतु सब्र म्हणजे हात बांधून बसणे, हा अर्थ कुठून आला? सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके झुरले की डोळे पांढरे पडले, तरी त्यांनी मुलांना भावांच्या शोधार्थ पाठवले आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, असे बजावले. शोध आणि आशा एकाच आयतीत आहेत. म्हणून दुआ मागणारी आई वाचा-उपचारासाठी बसचे दोन टप्पे बदलून जाते, तेव्हा तिचा तवक्कुल उणा होत नाही, उलट पुरा होतो.

उरतो प्रश्न आपला, म्हणजे जमाअतचा. मागे एखादे मूल रडले की त्याच्या आईच्या काळजीने प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत. आपण मात्र असे मूल ओरडले की सलाम फिरवताच त्याच्या वडिलांकडे वळून पाहतो. दोन-तीन वेळा असे झाले की ते मुलाला आणणे थांबवतात, आणि मग स्वतःही दिसेनासे होतात.

मस्जिद कमिटीत सुशिक्षित तरुण असतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचा (संरक्षण 1 लाख रुपयांपर्यंत) अर्ज भरून देणे त्यांना एका संध्याकाळचे काम आहे. येत्या जुम्याला दाराजवळची, पंख्याखालची जागा त्या बापलेकासाठी राखून ठेवावी, आणि खुतब्याआधी त्यांना विचारून लाऊडस्पीकरचा आवाज थोडा कमी करावा.