अव्यक्ताचा श्लेष: भास्कराचार्यांचे गणित आणि काव्य

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा मंगलश्लोक श्लेषावर उभा आहे. त्यातले ‘सांख्य’ म्हणजे सांख्य दर्शनाचे अनुयायी, आणि संख्या जाणणारेही. ‘अव्यक्त’ म्हणजे मूळ प्रकृती, ईश्वर, आणि जिची किंमत अजून काढायची आहे ती राशी. व्यक्त सृष्टीचे बीज अव्यक्तात असते, हे तत्त्वज्ञान. व्यक्त अंकांच्या गणिताचे बीज अव्यक्त राशींच्या गणितात असते, हे शास्त्र. वंदन दोन्हींना एकदमच होते. या श्लोकाचे पदर ‘बीजपल्लव’ या टीकेत कृष्ण दैवज्ञांनी उलगडले. त्यांचे घराणे मूळचे विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पुढे ते काशीला स्थिरावले.

संस्कृतातले अनेक शास्त्रग्रंथ पाठांतरासाठी पद्यात असत, त्यामुळे संख्याही वृत्तात बसवाव्या लागत. भास्कराचार्य आपले जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण आणि मही या शब्दांनी देतात: ६, ३, ०, १. उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. ही झाली निव्वळ सोय.

छंदःशास्त्राशी असलेले नाते मात्र सोयीपलीकडचे. लघू की गुरू, एवढीच निवड प्रत्येक अक्षरापुढे असते. म्हणून सहा अक्षरांच्या चरणाचे ६४ प्रकार होतात आणि चोवीस अक्षरांच्या गायत्रीचे १,६७,७७,२१६. पिंगलाच्या ‘छंदःसूत्रा’पासून चालत आलेला हा विचार ‘लीलावती’त (११५०) गणिताचा रीतसर भाग होतो.

त्याच ग्रंथात हंसांचे उदाहरण आहे. थव्याच्या वर्गमुळाच्या दहापट हंस ढग येताच मानसाकडे गेले, एक अष्टमांश स्थलकमळांच्या वनात, आणि तीन जोड्या पाण्यात क्रीडा करत राहिल्या. एकूण हंस १४४. पावसाळा लागताच हंसांनी मानसाकडे निघावे, हा ‘मेघदूता’लाही ठाऊक असलेला कविसंकेत. विद्यार्थी वर्गसमीकरण सोडवतो ते काव्यातल्या ऋतूत. काव्य या घराण्याला परके नव्हतेच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे आणि त्यातली वंशावळ कविचक्रवर्ती त्रिविक्रमापासून सुरू होते.

गणित, काव्य आणि अध्यात्म सर्वांत जवळ येतात ते ‘खहर’ राशीपाशी. तीनाला शून्याने भागले की खहर. तीत काही मिळवा, काही वजा करा, फरक पडत नाही. भास्कराचार्य तिला अनंत अच्युताची उपमा देतात: प्रलयकाळी असंख्य जीव त्याच्यात शिरतात, सृष्टिकाळी बाहेर पडतात, तो जसाच्या तसा. ही उपमा भक्तीची आहेच, पण तिचे काम नेमके गणिती आहे. अनंत म्हणजे फार मोठी संख्या, हा गैरसमज ती टाळते आणि बेरीज-वजाबाकीने न बदलणे हेच अनंताचे लक्षण ठरवते. आजचे अंकगणित शून्याने भागणे मान्य करत नाही, त्यामुळे खहराची व्याख्या टिकत नाही. बेरजेने न बदलण्याचे लक्षण मात्र अनंताच्या आजच्या गणितातही भेटते.