दाराशी कोणी जावे?

2019 च्या पावसाळ्यातील त्या रात्रीचा विषय आमच्या वाडीत आजही कोणी काढीत नाही. शेजारचा एक तरुण, चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेला, मध्यरात्री स्वतःच्याच बागेत शिरून केळी तोडीत सुटला होता. हातात कोयता आणि तोंडाने अखंड बडबड. आम्ही पाचसात जण कुंपणाबाहेर उभे होतो. कोणीतरी पोलीस ठाण्याला फोन केला. तो फोन आमच्याच घरातून गेला, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

जीप येण्यापूर्वी वाडीतल्या एक निवृत्त परिचारिका तांब्याभर पाणी घेऊन बांधापर्यंत गेल्या. सारे त्यांना मावशी म्हणतात. "बाळा, हात भरून आले असतील रे. जरा बस," एवढेच त्या म्हणाल्या. तो बसला, कोयता मात्र त्याने सोडला नव्हता. इतक्यात जीपचा प्रकाश बागेवर पडला आणि तो ताडकन उठला. पुढे त्याला हात बांधून नेण्यात आले. हवालदार काही निर्दय नव्हते. जाताना ते ओशाळून म्हणाले, "आम्हाला दुसरं काय शिकवलंय?"

अशा घटकेला पोलिसांनाच बोलावण्याची आपली सवय जुनी आहे, आणि ती कायद्यानेच लावलेली आहे. 1912 च्या कायद्याने भटकणाऱ्या मनोरुग्णाला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे काम पोलिसांकडे सोपविले होते. आत्महत्येचा प्रयत्न हा तर दंडसंहितेतील गुन्हाच होता. त्यामुळे कित्येक घरांनी आपले दुःख डॉक्टरांपासूनही लपविले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही दृष्टी बदलली. स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षणाखाली घ्यावे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत पोहोचवावे आणि कोठडीत कदापि ठेवू नये, असे तो सांगतो. शब्द बदलला, हे खरेच मोठे आहे. परंतु दाराशी येतो तो गणवेश तोच आहे, आणि भेदरलेल्या मनाला कलमे वाचता येत नाहीत.

मग कोणी जावे? आपल्या वाड्यांतून पहिला निरोप पुष्कळदा धर्मगुरूंकडे जातो. ते येतात, जवळ बसतात, घराला धीर येतो. पण औषधाची वेळ टळून चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून धावते. तिची तयारी प्रामुख्याने शरीराच्या संकटाची आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मनाचे ऐकून घेणारे माणूस भेटते, आणि ते बहुमोल आहे. तरीही फोनवरचा आवाज आणि दारातले स्ट्रेचर यांच्यामध्ये एक जागा रिकामी राहते. मावशी तांब्या घेऊन उभ्या राहिल्या, ती ही जागा.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या युजीन शहरात 1989 साली ही जागा भरण्याचा प्रयत्न झाला. 'कहूट्स' नावाच्या सेवेत एक वैद्यकीय जाणकार आणि एक संकटकाळी बोलण्याचे शिक्षण घेतलेला कार्यकर्ता असे दोघे, शस्त्राविना, गाडी घेऊन जात. धोका दिसला तर ते पोलिसांना बोलावीत. एरवी पोलिसांची गरज पडत नसे. तीन दशकांहून अधिक काळ चाललेली ही सेवा एप्रिल 2025 मध्ये त्या शहरात पैशाअभावी थांबली. कल्पना चुकीची होती म्हणून ती थांबली, असे आम्हाला वाटत नाही. ज्या कामात काही विपरीत घडत नाही, त्याचा खर्च शहरांना डोळ्यांत खुपतो.

कोयत्याचे काय, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. कोयता उगारलेल्या माणसापुढे एकट्या परिचारिकेला पाठवा, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण पोलिसांनी बागेच्या वळणावर, दिवे मालवून थांबावे आणि पुढे मावशींसारख्या कोणी जावे, एवढे शक्य होते. पुढे कोण आणि मागे कोण, यावर त्या मुलाची रात्र अवलंबून होती. रुग्णालयातून तो बरा होऊन परतला, गोळ्या नियमाने घेतो, बाग पुन्हा उभी केली आहे. मात्र वाडीत त्याची ओळख 'पोलिसांनी नेलेला' अशीच राहिली. आम्ही भेटलो की नजर चुकवितो. एकदा त्याने विचारले होते, "मी चोर होतो का, काका?" त्याला फोनची गोष्ट ठाऊक होती.

परवा त्याची आई आमच्या ओट्यावर आली. पुन्हा तशी रात्र आली तर कोणाला फोन करू, असे तिने विचारले. आम्ही कागदावर 14416 लिहिले, 108 लिहिले, खाली मावशींचा क्रमांक लिहिला. तिने कागद वाचला आणि तो आमच्यापुढे परत धरला. "आणि तुमचा?"

आम्ही तोही लिहून दिला.