‘नाही’ हे कशावरून?

मंगरूळपीर तालुक्यातून, शेलूबाजारच्या अंगाने, समृद्धी महामार्ग जातो. त्याच्या कडेने जमिनीखालून मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनी टाकलेली आहे. दोन फूट व्यासाची पोलादी नळी, वर मीटरभर माती. माझ्या थोरल्या भावाचं सोयाबीन-तुरीचं शेत तिथून जवळच आहे. वरून दिसतात ते फक्त सावधानतेचे खांब. मी आयुष्यभर अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्या खांबांपाशी उभं राहिलं की एकच प्रश्न मनात येतो: खाली गळती नाही, हे आपल्याला कशावरून ठाऊक?

भाचा परराज्यात अशाच एका वाहिनीच्या नियंत्रण कक्षात नोकरीला आहे. दिवाळीत आला तेव्हा त्याला विचारलं.

“मामा, आता मशीन लर्निंग आलं ना. दाब, प्रवाह, तापमान, सारखे आकडे येत रायतात. पाइपासोबत ऑप्टिकल फायबर टाकली, तिच्यातून आवाजबी कयते. नेहमीचं कसं असते ते मशीन शिकून ठेवते. काई येगयं झालं का बोंबलते.”

“अन् नाई बोंबलली तं?”

“तं काई नाई. सगळं बराबर.”

या ‘काई नाई’पाशी मी अडलो. कारण आपल्या दर्शनकारांनी याच एका मुद्द्यावर शतकानुशतके वाद घातला आहे. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान कुठून येतं? नैयायिक म्हणाले, प्रत्यक्षातूनच. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी त्यासाठी वेगळं प्रमाण मानलं, अनुपलब्धी. न आढळणं हेच नसण्याचं प्रमाण. पण त्याला त्यांनी एक अट घातली, आणि मला ती सगळ्या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी उदाहरण घेतलं पिशाचाचं: जे स्वभावतःच दिसत नाही, ते दिसलं नाही यावरून ‘आहे’ही ठरत नाही आणि ‘नाही’ही.

आमच्या मंगरूळपीरात दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांचं संस्थान आहे. देव दिसत नाही म्हणून नाहीच, असं म्हणणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटले, आणि त्यांना मी धर्मकीर्तींच्या या उदाहरणापाशी आणून सोडत असे. त्या प्रश्नात माणूस जन्मभर अनिर्णित राहू शकतो. त्यात कुणाचं घर जळत नाही. वायूच्या बाबतीत ती मोकळीक नाही.

मग यंत्राचं गप्प राहणं मीमांसकांच्या त्या अटीला उतरतं का? काही बाबतीत उतरतं, आणि ते मनापासून मान्य केलं पाहिजे. जेसीबीचा दात नळीला लागला, मोठं भोक पडलं, तर दाबाची लाट नळीतून दोन्हीकडे धावते. ती यंत्राला माणसापेक्षा कितीतरी आधी कळते. पण बारीक चिरेतून झिरपणारा वायू? वायू दाबला जातो, पसरतो. पुढच्या कारखान्याने जास्त घेतला की दाब उतरतो, रात्री मागणी घटली की चढतो. या चढउतारात प्रवाहाच्या एखाद्या टक्क्याहून कमी असलेली गळती मोजमापाच्या चुकीतच लपून जाते. शिवाय खऱ्या गळत्या, सुदैवाने, फार थोड्या होतात. त्यामुळे यंत्राला शिकवायला उदाहरणंही थोडी, आणि बरीचशी संगणकावर रचलेली. मला सर्वांत अस्वस्थ करते ती याच्या पुढची शक्यता. ‘नेहमीचं’ शिकण्याच्या काळातच एखादी बारीक गळती चालू असेल, तर यंत्र तिलाही नेहमीचंच धरेल. भाच्याला हे विचारलं तेव्हा तो थोडा थांबला आणि “होऊ शकते,” म्हणाला.

आता त्याच मातीवर उभ्या असलेल्या माणसाकडे या. आमची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. खालचा वायू अशा भेगांतून वर येऊ शकतो. पावसाळ्यात पाणी साचलं असेल तर एकाच जागी बुडबुडे येत राहतात. झिरपलेल्या वायूमुळे मुळांना हवा मिळाली नाही की पिकाचा एक पट्टा पिवळा पडतो. हे शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. अर्थात सोयाबीन पिवळ्या मोझॅक रोगानेही पिवळं पडतं, म्हणजे निव्वळ पिवळेपणा हा सदोष हेतू, अनुमानाला अपुरं कारण. पण तो रोग पसरवणारी पांढरी माशी नाही, शेजारचं तास हिरवंगार आहे आणि पिवळा पट्टा नेमका नळीच्या रेषेत आहे, एवढं पाहिलं की अनुमान बळकट होतं. भाऊ ही पारख रोजच करतो. न्यायशास्त्राचं पुस्तक त्याने कधी उघडलं नाही.

मग अशा माणसाचा शब्द प्रमाण मानायचा का? शब्दप्रमाणाबद्दल वात्स्यायनांनी न्यायभाष्यात लिहिलं आहे की, ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू आहे. इतक्या जुन्या काळी इतकं मोकळं मन! आज आपण ते दाखवतो का? 27 जून 2014ला आंध्र प्रदेशातल्या नगरम गावी वाहिनीतून पसरलेल्या वायूने पहाटे पेट घेतला आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. जुलै 2010मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शल इथे तेलाची वाहिनी फुटली. तिथे यंत्र गप्प नव्हतं. इशारे येत होते, पण नियंत्रण कक्षाने त्यांचा दुसराच अर्थ लावला आणि वाहिनी पुन्हा चालूही केली. सतरा तासांनी कळलं, ते बाहेरच्या एका माणसाच्या फोनने.

या दोन घटनांनंतर मी यंत्राच्या विरोधात बोलेन असं भाच्याला वाटलं होतं. मी उलट म्हणतो, यंत्र हवंच. शेकडो किलोमीटरवर रात्रंदिवस डोळा ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. पण त्याच्या ‘नाही’ला किती किंमत, हे ठरवणारी अट माणसांनीच तपासत राहिली पाहिजे: किती बारीक गळती त्याला दिसते, कोणत्या टापूत फायबर बंद आहे, कोणता मापक बिघडला आहे. जिथे ही अट पुरी होत नाही, तिथे पडद्यावर ‘सामान्य’ असं न दाखवता ‘माहीत नाही’ असं दाखवावं. देवाच्या बाबतीत अंधार आपण दूर करू शकत नाही. इथे मापक बसवून, वाहिनीवरून पायी गस्त घालणारा लाइन वॉकर पाठवून, शेतकऱ्याला विचारून तो दूर करता येतो. जे करता येतं ते न करता ‘काही नाही’ म्हणणं याला मी ज्ञान म्हणणार नाही.

भावाच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत मांडायला एक मागणी लिहून ठेवली आहे. खांबावरच्या नंबरवर गावातून गेलेला प्रत्येक फोन तारीख-वेळेसह नोंदला जावा, त्या वेळचे त्या जागेचे आकडे त्याच्याशेजारी ठेवून यंत्राला ते शिकवले जावेत, आणि तपासणीत काय निघालं ते फोन करणाऱ्याला मराठीत कळवलं जावं. शेवटचा मुद्दा भाच्याला अनावश्यक वाटतो. मी तो खोडलेला नाही. ज्याला उत्तर मिळत नाही तो दुसऱ्यांदा फोन करत नाही, आणि मग गावाचं गप्प राहणंही वरच्या कार्यालयात ‘काई नाई’ म्हणूनच वाचलं जातं.