एक करडी टिक

‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं आणि म्हातारे आईबाप आणि मुलं यांच्यातल्या दुराव्याचा एक साचा आपल्या डोक्यात पक्का बसला. आईबापांनी सगळं दिलं, मुलांनी घराबाहेर काढलं. २००३ मध्ये ‘बागबान’ने त्याच गोष्टीला गाणी जोडली. आता रील्सवर बरोबर उलटा साचा फिरतो: टॉक्सिक आईबाप, बाउंड्री, ब्लॉक, शांती. दोन्ही गोष्टींत खलनायक कोण ते आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे पाहणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही.

माझ्या माहितीतलं एक घर या दोन्हींत बसत नाही, म्हणून हे लिहितोय. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. महिन्यातून दोनदा तिथे जावं लागतं. स्टोअर बघणारे काका साठी ओलांडलेले, निवृत्तीनंतर कंत्राटावर परत घेतलेले. मराठी ख्रिस्ती कुटुंब, तीन पिढ्या सोलापुरात. मुलगा पुण्यात. त्याच्याशी तीन वर्षं बोलणं नाही. नात तेव्हा तीन वर्षांची होती, आता सहाची.

पैशाचा वाद नाही. घर काकांच्या नावावर आहे, पीएफ शाबूत आहे. मुलाने कॉलेजात असताना चर्चला जाणं सोडलं, पुढे एका हिंदू मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. इथपर्यंत काका-काकूंनी निभावलं. नात झाल्यावर मात्र बाप्तिस्म्याचा विषय प्रत्येक व्हिडिओ कॉलमध्ये यायला लागला. मग एका नाताळात सगळे नातेवाईक जेवायला बसलेले असताना काकांनी उभं राहून प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेत मोठ्याने मागितलं की माझ्या मुलाच्या घरातला अंधार जावो. सून समोर होती, तिच्या मांडीवर नात. जेवण झालं. दुसऱ्या दिवशी ते तिघं पुण्याला गेले आणि आठवड्याभरात काकांच्या मेसेजवर दुसरी टिक येणं बंद झालं. एकच करडी टिक. डीपीच्या जागी राखाडी आकृती.

शिवी दिली असती तर माफी मागता येते. प्रार्थनेची माफी कशी मागायची? काकांच्या लेखी ती शिवी नव्हतीच, त्यांच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट त्यांनी मुलासाठी खर्च केली होती. सुनेच्या लेखी वीस माणसांसमोर तिच्या घराला अंधार म्हटलं गेलं, आणि तेही अशा पद्धतीने की उलट बोलायची सोय नाही. डोळे मिटलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मला वाटतं, दोघंही खरं बोलताहेत. प्रेमाने केलेली गोष्ट अपमान असू शकते, आणि ती प्रेमाने केली होती म्हणून अपमान कमी होत नाही.

काकांना आधार वाटतो तो उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचा. लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय. मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो. मी ख्रिस्ती नाही, पण काका इतक्यांदा सांगायचे की शेवटी अध्याय फोनवर काढून वाचला. त्यात हरवण्याच्या तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात. मेंढरू हरवतं, तेव्हा मेंढपाळ शोधायला निघतो. नाणं हरवतं, तेव्हा बाई दिवा लावून घर झाडते. मुलगा जातो, तेव्हा मात्र बाप शोधायला जात नाही. मागितलेली वाटणी देतो आणि त्याला जाऊ देतो. मेंढराला आणि नाण्याला स्वतःचं म्हणणं नसतं, मुलाला असतं, असं मी त्यातून घेतलं. शिवाय गोष्टीच्या शेवटी थोरला मुलगा रुसून दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, पण तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. काकांनी मुलाला धाकट्याच्या जागी बसवलंय. तो थोरल्याच्या जागीही असू शकतो, हे त्यांना सुचलेलं नाही. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला आईबापांचा मान राखण्याचा भाग त्यांना पाठ आहे. त्याच्या लगेच पुढे बापांना सांगितलंय की मुलांना चिडीस आणू नका. ते वचन कुठल्याच घरात फ्रेम करून लावलेलं मी पाहिलं नाही. (आमच्याकडेही श्रावणबाळाचीच गोष्ट सांगतात.)

या वर्षी काकांनी मला विचारलं, “दुसऱ्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप काढून देतोस का? फक्त पोरीचा फोटो बघायचाय.” पाच मिनिटांचं काम होतं. मी नाही म्हणालो. ब्लॉक म्हणजे बंद दार. दुसऱ्या नंबरने आत जाणं म्हणजे खिडकीतून शिरणं, आणि मुलाला कळलं की तो खिडकीही बंद करणार. पण माझं हे उत्तर अर्धंच आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. दार बंद करायचा हक्क मुलाचा आहे. त्या दाराच्या आत एक सहा वर्षांची मुलगी आहे आणि तिला कोणी विचारलेलं नाही.

कायदा इथे फारसा कामाचा नाही. आपल्याकडचा २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा सज्ञान मुलांकडून, नातवंडांकडूनही, निर्वाहाचा खर्च मिळवून देतो. भेट मिळवून देत नाही. अमेरिकेत आजी-आजोबांच्या भेटीच्या हक्काचे कायदे झाले. २००० साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने ट्रॉक्सेल खटल्यात आईची बाजू घेतली: पालक नीट सांभाळ करत असतील तर कोणाला भेटू द्यायचं या त्यांच्या निर्णयाला खास वजन द्यायला हवं. मला हा निकाल पटतो, आणि तरी पटून बरं वाटत नाही.

कोर्टाने माणूस परत मिळवून देण्याचा मुंबईचा एक जुना दाखला आहे. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात मिळाला. पण त्याला पंगतीत कोण घेणार? प्रायश्चित्त देऊन घ्यावं असं बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, त्यावर शहरभर वाद पेटला. हुकूम मुलाला घरापर्यंत आणू शकला, त्याच्यापुढे पान मांडणं हुकुमाच्या हातात नव्हतं.

याच्या उलट टिळकांचं घर. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ इथे जवळच पंढरपुरात. काही वर्षांनी त्या अहमदनगरला आल्या, ते मत बदलल्यामुळे नव्हे. सोवळं पाळत, वेगळी चूल मांडून त्या राहिल्या. बाप्तिस्मा घेतला १९०० साली, स्वतःच्या गतीने. ‘स्मृतिचित्रे’त हा काळ वाचताना मला त्या धर्मांतरापेक्षा ती वेगळी चूल महत्त्वाची वाटते. कोण बरोबर याचा निकाल लागण्याआधी एका गावात राहणं सुरू झालं होतं.

हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “टिळक नवरा होते, मी बाप आहे.” मुद्दा खरा आहे. नवऱ्याने बायकोला समजावण्यात आणि बापाने मुलाला समजावण्यात फरक आहे. बापाकडे मुलाचं लहानपण असतं, म्हणजे मुलाचा पंचवीस वर्षांचा स्टॉक एकट्याच्या ताब्यात. हिशेब कसाही मांडला तरी मुलगा देणेकरीच निघतो. माझ्या पिढीला या हिशेबाचाच राग आहे, आणि तो रास्त आहे. पण ब्लॉकने हिशेब मिटत नाही, वही फक्त मिटून ठेवली जाते. मारहाण झालेल्या, भीतीत वाढलेल्या माणसाने ती कायमची मिटावी, त्याला कोणी जाब विचारू नये. एका वाईट नाताळासाठी तीन वर्षं मला जास्त वाटतात. मुलाने एकदा तरी सांगायला हवं होतं की ही प्रार्थना का लागली. बापाला ते आपोआप कळणार नाही. त्याला ती प्रार्थना वाटते.

सिमऐवजी पोस्टाने पत्र लिहा, असं मी सुचवलं होतं. पत्र उघडायचं की नाही हे निदान घेणाऱ्याच्या हातात राहतं. काकांनी तीन खर्डे केले, स्टोअरच्या पावतीबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. पहिल्यात बायबलमधली चार वचनं होती. दुसऱ्यात “चुकलं असेल तर माफ कर” होतं. काकूंनी त्यातल्या “असेल”वर पेनाने गोल केला. तिसऱ्यात नातीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, सुनेच्या तब्येतीची चौकशी आहे, लिंबाच्या लोणच्याचा विषय आहे. नाताळच्या त्या जेवणाबद्दल एक ओळ नाही. काकू म्हणाल्या, ती ओळ येईपर्यंत मी पाकिटाला डिंक लावणार नाही.