शेवटचा डॉलर बाहेर पडेपर्यंत

डिसेंबर सरत आला की अमेरिकेतल्या अनेक छोट्या व्यवसायांत एका कामाची घाई सुरू होते. दातांचा दवाखाना विकायचा असतो किंवा चार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी गुंडाळायची असते, आणि त्याबरोबर कर्मचाऱ्यांची ४०१-के ही निवृत्तियोजनाही बंद करायची असते. ‘३१ तारखेच्या आत उरकून टाका,’ असं मालक हिशेबनिसाला सांगतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आज तिकडे अशा व्यवसायांच्या मालक आहेत.

योजना बंद करण्याच्या ठरावावर सही झाली की ती संपली, असं तिथला कायदा मानत नाही. शेवटच्या माणसाचा शेवटचा डॉलर बाहेर पडेपर्यंत ती चालूच असते. पैसे जानेवारीत निघाले तर काढलेल्या रकमेची नोंद करणारा १०९९-आर हा फॉर्मही नव्या वर्षाचा भरावा लागतो. मग तारीख जराशी मागे ओढण्याचा मोह होतो. पण कर्मचाऱ्याने कोणत्या वर्षी कर भरायचा, हे त्याच तारखेवर ठरतं. ती खोटी लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या विवरणपत्रात आपण खोटं लिहिणं.

त्याहून मोठी गोष्ट कागदावर दिसतच नाही. मालकाला सल्लागार असतो. मालक आपली रक्कम थेट आयआरए या वैयक्तिक निवृत्तिखात्यात वळवतो. फॉर्मवर ‘जी’ हे अक्षर पडतं आणि त्या वर्षी कर लागत नाही. स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईंच्या हाती मात्र चेक येतो. १०,००० डॉलर असले तर २० टक्के कर आधीच कापून ८,०००. ६० दिवसांत पूर्ण रक्कम दुसऱ्या निवृत्तिखात्यात भरली तर कर टळतो, पण कापलेले २,००० तोवर पदरचे घालावे लागतात. ते जमलं नाही तर आयकर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुधा वर आणखी १० टक्के.

हे सगळं लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि कळवलंही जातं. कायदा तिथे समाधानी होतो. मी होत नाही. समोर बसून ‘चेक हवा की पैसे थेट वळवू?’ असं विचारणं, दोन्हींतला फरक आकड्यांत दाखवणं, हे मालकाचं कर्तव्यच आहे. त्याला जे ठाऊक होतं ते त्या बाईंना ठाऊक नव्हतं, आणि दोघांचा पैसा एकाच योजनेत होता.

या नियमांमागे माणसांनी सोसलेलं आहे. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर या मोटार कंपनीने साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. पेन्शनचा हक्क मिळवलेल्या, पण साठीच्या आतल्या सुमारे ४,००० कामगारांच्या हाती त्या हक्काच्या जेमतेम १५ टक्के रक्कम आली. त्या धक्क्यातूनच पुढे १९७४ चा निवृत्तिनिधी कायदा आकाराला आला. आज ४०१-के बंद होताच मालकाने घातलेला वाटाही पूर्णपणे कर्मचाऱ्याचा होतो, मग त्याची नोकरी वर्षाची का असेना.

राहतो तो कधीच नोकरी सोडून, पत्ता बदलून गेलेला माणूस. त्याचे थोडे डॉलर खात्यात पडून असतात आणि त्यांच्यापायी सगळं अडतं. तो सापडलाच नाही, तर २०१८ पासून ती रक्कम पीबीजीसी या सरकारी निगमाकडे सोपवता येते. पण आधी त्याला मनापासून शोधायला हवं. जुना फोन नंबर, त्याच्या बरोबरीने काम केलेली माणसं, ज्याला त्याने वारस नेमलं तो नातेवाईक. पैसे वाटायला कायदा साधारण वर्षभराची मुभा देतो. ३१ डिसेंबरची घाई मालकाची असते, त्या माणसाची नव्हे.