मारानेल्लोचा ययाती

६ जुलै १९५८. फ्रान्समधल्या रँस शहराबाहेर फॉर्म्युला वनची शर्यत चालू होती आणि लुइजी मुस्सो हा इटालियन चालक आपल्याच संघातल्या माइक हॉथॉर्नच्या मागे लागला होता. एका वेगवान वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून चरात गेली, उलटली, आणि मुस्सो त्याच दिवशी वारला. चारच आठवड्यांनी जर्मनीत न्यूरबुर्गरिंगवर पीटर कॉलिन्स हा चालकही तसाच गेला. दोघांच्याही गाड्या लाल होत्या, दोघांवरही उधळलेला काळा घोडा होता.

मुस्सो गेला तेव्हा व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या दैनिकाने गाडी बनवणाऱ्यावरच बोट ठेवलं. रोमन पुराणातला सॅटर्न स्वतःची पोरं गिळायचा. एन्झो फेरारी हा उद्योगपती झालेला सॅटर्न आहे, असा त्या लेखाचा रोख होता. आरोप धर्मपीठाच्या मुखपत्रातून आला आणि इटलीसारख्या कॅथलिक देशात आला, त्यामुळे तो जिव्हारी लागणारच होता. शिवाय ज्याच्यावर तो झाला, त्याने दोनच वर्षांपूर्वी पोटचा पोरगा पुरला होता.

मराठी वाचकाला मात्र इथे सॅटर्नच्या आधी ययाती आठवेल. शुक्राचार्यांच्या शापाने अवेळी म्हातारपण आलेला हा राजा मुलांकडे त्यांचं तारुण्य मागतो. बाकीचे नकार देतात, धाकटा पुरू देऊन टाकतो. खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची, म्हणजे व्हॅटिकनच्या त्या लेखाच्या पुढच्याच वर्षीची. सॅटर्न हिसकावून घेतो, पुरू मात्र स्वखुशीने देतो. फेरारीचे चालक पुरूच्या जातीचे होते. कुणी त्यांना गाडीत ढकलत नव्हतं, उलट मारानेल्लो गावातल्या फेरारीच्या कारखान्याच्या दारात ते रांग लावून उभे असत. मग देणाऱ्याने हसत दिलं म्हणून घेणारा मोकळा होतो का? फेरारीच्या साऱ्या इतिहासाखाली हा प्रश्न दबून आहे, आणि त्याला हात न घालता या गाड्यांच्या सौंदर्याबद्दल बोलणं अर्धवट आहे.

एन्झोचा जन्म १८९८ सालचा, मोडेनाचा. १९१६ साली वडील आणि थोरला भाऊ दोघेही गेले. पहिल्या महायुद्धात सैन्यात त्याच्या वाट्याला खेचरांना नाल ठोकायचं काम आलं. युद्ध संपल्यावर तो ट्यूरिनला फियाटकडे नोकरी मागायला गेला. ती मिळाली नाही तेव्हा एका बागेतल्या बाकावर बसून आपण रडलो, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. मग तो आल्फा रोमिओसाठी गाड्या पळवू लागला आणि १९२९ साली त्याने स्वतःचा संघ काढला, स्कुदेरिया फेरारी.

घोड्याची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. तो मुळात फ्रान्चेस्को बाराक्का या वैमानिकाचा. इटलीचा हा नामांकित लढवय्या वैमानिक जून १९१८ मध्ये मारला गेला. १९२३ साली राव्हेन्नाजवळची एक शर्यत एन्झोने जिंकली, त्यानंतर बाराक्काच्या आईवडिलांशी त्याची ओळख झाली. आईने सांगितलं, माझ्या मुलाचं चिन्ह गाडीवर लाव, तुझं भलं होईल. एन्झोने मागे मोडेनाचा पिवळा रंग भरला. जगभरच्या पोरांच्या वहीवर, टोपीवर, चावीच्या साखळीवर जो घोडा दिसतो, तो एका आईने आपल्या मेलेल्या मुलाची आठवण म्हणून दिलेला आहे.

फेरारी नावाची पहिली गाडी, १२५ एस, १२ मार्च १९४७ रोजी मारानेल्लोच्या कारखान्यातून बाहेर पडली. जोआकिनो कोलंबोने आखलेल्या त्या इंजिनाचा आकार जेमतेम दीड लिटर, पण त्यात बारा सिलिंडर. एकेक सिलिंडर आपल्याकडच्या १२५ सीसी दुचाकीच्या इंजिनाएवढा, आणि असे बारा एका लयीत फिरणारे. युद्धाने कंबर मोडलेल्या देशात, बॉम्ब पडलेल्या कारखान्यात, असं खर्चिक इंजिन बांधणं व्यवहाराला धरून नव्हतं. पण बारा सिलिंडरचा तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नसे. फेरारीच्या आकर्षणाचं मूळ इथे आहे: गरजेशी ज्याचा संबंध नाही, अशी गोष्ट पराकोटीच्या निष्ठेने घडवणं. मंदिराच्या शिखरावरच्या, खालून दिसणारही नाहीत अशा नक्षीत जी निष्ठा असते, तिच्याशी हिचं नातं आहे.

ही निष्ठा मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

एन्झोची संघ चालवायची एक रीत होती. एका जागेसाठी तो अनेक चालक हाताशी ठेवी, पहिला कोण आणि दुसरा कोण हे शक्यतो सांगत नसे. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पुढे जाऊन स्वतःला सिद्ध करावं लागे. मार्च १९५७ मध्ये मोडेनाच्या धावपट्टीवर मासेरातीच्या जाँ बेहरा याने वेगवान फेरी मारली. एन्झोने एउजेनियो कास्तेलोत्तीला फ्लॉरेन्सहून बोलावून घेतलं. तिथे तो आपल्या वाग्दत्त वधूकडे, अभिनेत्री देलिया स्काला हिच्याकडे होता. १४ मार्चला तो आला, गाडीत बसला आणि धडकून गेला. ही शर्यत नव्हती, बक्षीस नव्हतं, गुण नव्हते. शेजारच्या कारखान्याने आपल्या गावात वेगाची बढाई मारू नये, एवढ्यासाठी सव्वीस वर्षांचा माणूस गेला.

दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'मिल्ले मिल्या' होती: ब्रेशियाहून रोम आणि परत, साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून सुमारे १,६०० किलोमीटर. ३३५ एस गाडीत अल्फोन्सो दे पोर्तागो हा स्पॅनिश सरदारपुत्र आणि शेजारी त्याचा मित्र एडमंड नेल्सन. शेवटचा टप्पा, सरळ रस्ता, ग्विदित्झोलो गावाजवळची जागा. रविवार होता. शेताच्या कडेने, रस्त्यापासून हातभर अंतरावर माणसं उभी, आईबाप लेकरांना घेऊन आलेले. मध्ये कठडा नाही, दोरी नाही. ताशी २४० किलोमीटरच्या आसपास वेग असताना टायर फुटला. चालक, सहचालक आणि नऊ प्रेक्षक गेले; त्या नवात पाच मुलं होती. शर्यत फेरारीनेच जिंकली, पन्नाशीचा पिएरो तारुफ्फी पहिला आला. 'मिल्ले मिल्या' शर्यत म्हणून त्या दिवशी संपली आणि एन्झोवर मनुष्यवधाचा खटला उभा राहिला.

इथे ययातीची कथा अपुरी पडते. पुरूला विचारलं होतं. दे पोर्तागोलाही विचारलं होतं असं म्हणता येईल. मूळ चालक मुस्सो आजारी होता, त्याच्या जागी हा बसला. पण त्या पाच मुलांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मग जबाबदारी कुणाची? संत थॉमस अक्वायनसपासून चालत आलेली कॅथलिक नीतिविचाराची एक वाट म्हणते की हेतू आणि परिणाम वेगळे मोजावेत. वाईट परिणाम दिसत असला तरी तो हेतू नसेल आणि साधायचं चांगलं तेवढ्या तोलाचं असेल, तर कृतीला दोष लागेलच असं नाही. एन्झोचा हेतू कुणाला मारायचा नव्हता, हे उघड आहे. पण तोलाचं काय? आपल्याकडे अशा वेळी गीतेतला निष्काम कर्माचा विचार पुढे केला जातो: काम करत राहा, फळाकडे पाहू नको. त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचं लक्षण सांगितलं आहे, ते सोयीस्करपणे विसरलं जातं. परिणाम, हानी आणि हिंसा यांचा विचार न करता, आपली कुवत न पाहता जे कर्म मोहापोटी सुरू केलं जातं, ते तामस. फळाची आसक्ती सोडा म्हणणारा ग्रंथ हिंसेचा हिशेब मात्र सोडू देत नाही.

आणि हिशेब एन्झोला येत होता. त्याचा मुलगा अल्फ्रेदो, लाडाचं नाव दिनो, स्नायू झिजवणाऱ्या असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा बापाने कोष्टक आखलं. कोणतं अन्न चालेल, त्यात उष्मांक किती, तपासणीत काय निघालं, याची रोजच्या रोज नोंद. इंजिन दुरुस्त होतं तसा पोरगाही होईल, अशी आशा तो धरून होता. वित्तोरियो यानोसारखा इंजिनकार खाटेशेजारी बसे आणि सहा सिलिंडरच्या नव्या इंजिनाच्या गोष्टी होत. ३० जून १९५६ रोजी, चोविसाव्या वर्षी दिनो गेला. पुढे एन्झो रोज सकाळी त्याच्या थडग्यापाशी जाई, आणि त्या इंजिनाला मुलाचं नाव मिळालं.

एका मुलाच्या ताटातल्या घासाघासाची नोंद ठेवणारा माणूस १,६०० किलोमीटरच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मुलांची नोंद ठेवू शकत नव्हता का? रस्ता आखणं, गर्दी आवरणं हे आयोजकांचं आणि पोलिसांचं काम होतं, हे खरं. १९६१ साली न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, तेही रास्तच म्हणायला हवं. फुटलेल्या टायरसाठी तुरुंगात घालावं असा त्याचा गुन्हा नव्हता. पण ती गाडी किती वेगाने धावते हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक नव्हतं. सॅटर्न म्हणून त्याला हिणवणारे इथे चुकतात. सॅटर्न भीतीपोटी गिळतो. एन्झोची चूक वेगळी होती. त्याचं प्रेम खरं होतं, ते घरच्या खाटेपाशी होतं आणि इंजिनाच्या चाचणीमेजावर होतं. मधला रस्ता त्याने दुसऱ्यांवर सोडला.

१९६१ सालच्याच सप्टेंबरात इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत अपघात होऊन फेरारीचा व्होल्फगांग फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक गेले. शर्यत थांबवली नाही. संघातलाच फिल हिल जिंकला आणि मृत ट्रिप्सपेक्षा एका गुणाने पुढे जाऊन विश्वविजेता ठरला. १९८२ साली तर जुनी रीतच पुन्हा भोवली. इमोलाला दिदिए पिरोनीने आपल्याच संघातल्या जिल व्हिलनव्हला मागे टाकलं. दगा झाला या भावनेने पेटलेला व्हिलनव्ह तेरा दिवसांनी झोल्डरला सरावात गेला. एन्झोचा तो फार जिवाचा होता.

धर्मपीठाचा राग कालांतराने निवळला. फेरारी जिंकली की मारानेल्लोचे पाद्री चर्चची घंटा वाजवू लागले, ती गावाची परंपरा झाली. ४ जून १९८८ रोजी खुद्द पोप जॉन पॉल दुसरे मारानेल्लोला आले आणि उघड्या फेरारीतून कंपनीच्या धावपट्टीवर फिरले. गाडी एन्झोचा दुसरा मुलगा पिएरो चालवत होता. त्याला बापाचं नाव एन्झोच्या पत्नीच्या मृत्यूनंतरच मिळालं होतं. एन्झो अंथरुणावर होता, दोघांचं बोलणं फोनवर झालं. १४ ऑगस्टला तो वारला.

आज कंपनी वर्षाला चौदा हजारांच्या आत गाड्या विकते. बाजार मागेल त्यापेक्षा एक गाडी कमी बनवायची, हे सूत्र एन्झोच्या नावावर सांगितलं जातं. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली तेव्हा त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, फेरारीचा तेव्हाचा चालक शूमाखर याच्या हस्ते. आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला आणि शेवटी ते शुल्क फेरारीची तेव्हाची मालक असलेल्या फियाटने भरलं. मुंबईच्या रस्त्यावर त्या गाडीला तिचा खरा वेग कधीच गाठता येणार नव्हता. तरीही तिच्याभोवती गर्दी जमली, कारण लोक वेगासाठी जमत नाहीत. त्या घोड्यामागे जे घडून गेलं आहे, त्याच्या जवळ जायला जमतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक ३३५ एस तीन कोटी वीस लाख युरोंच्या वर गेली. १९५७ च्या त्याच 'मिल्ले मिल्या'त ती पीटर कॉलिन्सने चालवली होती. तो इतिहास किमतीत धरलेला असतो.

यावरून काही जण असं ठरवून टाकतात की मरणाची सावली काढली तर फेरारीत उरेल काय. २०१८ साली फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर चालकाच्या डोक्याभोवती हेलो नावाचं टायटॅनियमचं कडं आलं, तेव्हाही असाच सूर होता. फेरारीसाठी दोनदा विश्वविजेता झालेल्या आणि १९७६ साली न्यूरबुर्गरिंगला जळत्या फेरारीतून वाचलेल्या निकी लाउडानेही त्याला विरोध केला होता. कडं बसलं. २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली शार्ल लक्लेर त्या कड्याखाली बसून मोंझा जिंकला, लाल झेंडे घेतलेली गर्दी शर्यत संपल्यावर धावपट्टीवर उतरली. शर्यत चालू असताना ती जाळीच्या मागे होती. १९६१ च्या प्रेक्षकांना मिळालेला थरार या लोकांना कमी मिळाला, असं म्हणायला काहीही आधार नाही.