पहारा आणि देखावा

२५ डिसेंबर २००९ रोजी जगभरची ख्रिस्ती कुटुंबे नाताळच्या आनंदात मग्न असताना, ॲम्स्टरडॅमहून अमेरिकेतील डेट्रॉइटकडे निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात एक भयंकर अनर्थ थोडक्यात टळला. उमर फारूक अब्दुलमुतल्लब ह्या २३ वर्षांच्या नायजेरियन तरुणाने आपल्या अंतर्वस्त्रात स्फोटक द्रव्य शिवून आणले होते. विमान उतरण्याच्या बेतात असताना त्याने ते पेटविण्याचा प्रयत्न केला. आग लागली, परंतु स्फोट झाला नाही. एका डच प्रवाशाने त्याच्यावर झेप घेतली, विमानसेवकांनी आग विझविली आणि सुमारे २९० जीव वाचले. पुढे २०१२ साली त्या तरुणास जन्मठेपेची शिक्षा झाली.

त्यानंतर जे घडले, त्याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत शेवटच्या तासात प्रवाशांनी जागेवरून उठू नये, मांडीवर पांघरूण घेऊ नये, अशा सूचना तातडीने निघाल्या. वस्त्रांखालील शरीराची आकृती दाखविणारी यंत्रे विमानतळांवर झपाट्याने बसविण्यात येऊ लागली. ह्या उपायांनी आपण खरोखर सुरक्षित झालो काय, अशी शंका तेव्हाच अनेकांनी घेतली. शंका घेणाऱ्यांना कोणी बेजबाबदार म्हटले, तर कोणी शहाणे. आमच्या मते ही शंका केवळ तांत्रिक नाही, ती नैतिकही आहे. भयाच्या प्रसंगी एका माणसाने दुसऱ्याशी कसे वागावे, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

प्रथम शंकेखोरांची बाजू पाहू. डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीड ह्या इसमाने पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात बुटात दडविलेला स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला. परिणामी अमेरिकेत लाखो प्रवाशांना बूट काढून तपासणीला उभे राहावे लागले. तो सरसकट नियम जुलै २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट लंडनमध्ये उघडकीस आला आणि पाण्याच्या बाटल्यांवर बंदी आली. अंतर्वस्त्रातील स्फोटकानंतर शरीराची छायाचित्रे आली. प्रत्येक वेळी पहारा बसला तो चोर येऊन गेलेल्या दारावर. पुढचा चोर मात्र दुसरे दार शोधणार हे उघड आहे. ब्रूस श्नायर ह्या अमेरिकन सुरक्षातज्ज्ञाने अशा उपायांना सुरक्षेचे नाटक म्हटले आहे. ती नवी यंत्रे हा स्फोटक हेरू शकली असती काय, ह्याविषयी अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेनेही २०१० साली खात्री दिली नव्हती.

तथापि, न्यायबुद्धीने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जो अनर्थ घडलाच नाही, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. रीड आणि अब्दुलमुतल्लब ह्या दोघांनाही सरळ, खात्रीचे साधन सोडून आडवळणाची, बेभरवशाची युक्ती करावी लागली. धातुशोधक यंत्राची धास्ती नसती तर त्यांनी तसे केले असते काय? त्यांचे स्फोटक फसले ह्यात जुन्या, साध्या तपासणीचा वाटा असणे शक्य आहे. म्हणून ‘सगळे ढोंग आहे’ असे म्हणून हात झटकणे हेही सत्याला धरून नाही.

आपणा भारतीयांना तर निष्काळजीपणाची किंमत ठाऊक आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे प्राणांस मुकली. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरला चढविण्यात आली, परंतु तिचा मालक विमानात बसलाच नाही. टोरोंटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र बंद पडले होते. प्रवासी नाही तर त्याचे सामानही नको, हा साधा नियम तेव्हा काटेकोरपणे पाळला गेला असता तर? १९८८ च्या लॉकर्बीच्या घातपातानंतर त्या नियमाचे महत्त्व जगाला अधिकच पटले. तो कोणाचाही अपमान करीत नाही, कोणाचे वस्त्र उतरवीत नाही, आणि नेमक्या भगदाडाला बुजवितो. खरा पहारा आणि देखावा ह्यांतील भेद येथे दिसून येतो.

परंतु डेट्रॉइटच्या घटनेत आमच्या मनाला सर्वांत अधिक चटका लावते ती वेगळीच गोष्ट. नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे त्या नाताळच्या जेमतेम महिनाभर आधी, ह्या तरुणाचे वडील अबुजा येथील अमेरिकन वकिलातीत गेले होते. ते नायजेरियातील प्रतिष्ठित बँकर. आपला मुलगा जहाल लोकांच्या नादी लागला आहे, अशी काळजी त्यांनी परक्या देशाच्या अधिकाऱ्यांपुढे व्यक्त केली. वाचकहो, त्या पित्याच्या पावलांचे ओझे क्षणभर मनाशी तोलून पाहा! पोटच्या पोराविषयी असे सांगायला जाताना त्याच्या अंतःकरणाची काय अवस्था झाली असेल? एका बाजूस पुत्रप्रेम, दुसऱ्या बाजूस अनोळखी माणसांचे जीव. त्याने दोन्ही राखण्याचा प्रयत्न केला. कारण मुलाला पापापासून अडविणे हेही प्रेमच असते.

आणि झाले काय? मुलाचे नाव ५ लाखांहून अधिक नावांच्या एका यादीत जाऊन पडले. त्याचा व्हिसा रद्द झाला नाही, विमानप्रवासास मनाई असलेल्यांच्या यादीत त्याचे नाव चढले नाही. माहिती हाती होती, पण तिची सांगड घातली गेली नाही, असे राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनीच पुढे कबूल केले. म्हणजे उणीव यंत्राची नव्हती, कानाची होती. एका पित्याचे ऐकून त्यावर कृती करण्याऐवजी कोट्यवधी निरपराध प्रवाशांची शरीरे न्याहाळण्याचा मार्ग पत्करला गेला. ऐकण्याला वेळ, माणसे आणि विवेक लागतो. यंत्र मात्र विकत आणून सर्वांना दाखविता येते. देखाव्याचा मोह असतो तो इथे.

ह्या मोहाची किंमत कोण मोजतो? तपासला जाणारा माणूस. फेब्रुवारी २०१० मध्ये इटलीच्या विमानवाहतूक क्षेत्रातील सेवकांशी बोलताना पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी आठवण करून दिली होती की, दहशतवादाच्या छायेतही मानवी व्यक्तीचे स्थान सर्वप्रथम आहे. माणसाचे शरीर ही केवळ तपासण्याची वस्तू नव्हे. वृद्ध माता, आजारी माणूस, लाजरी मुलगी, ह्या सर्वांना रांगेत उभे करताना हे भान सुटता कामा नये. अमेरिकेत पुढे कायद्यानेच ठरले की यंत्राने व्यक्तीची प्रत्यक्ष आकृती न दाखविता सर्वांसाठी एकच ढोबळ बाह्यरेषा दाखवावी. लोकांनी शंका उपस्थित केल्या म्हणूनच हे घडले, हे विसरून चालणार नाही.

येथे आणखी एक मोह उभा राहतो. ‘सर्वांना कशाला त्रास? त्या अमुक लोकांनाच तपासा.’ सुशिक्षित ख्रिस्ती घरांतही हे वाक्य ऐकू येते. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेने नेमके असेच केले. १४ देशांतून येणाऱ्यांची विशेष तपासणी सुरू झाली. त्यांत नायजेरिया होता. पण रिचर्ड रीड हा लंडनमध्ये जन्मलेला ब्रिटिश नागरिक होता, आणि ब्रिटन त्या यादीत नव्हता! एप्रिलमध्ये हा नियम बदलावा लागला. शिवाय हेही ध्यानी घ्यावे की, धोक्याचा इशारा देणारा पिता त्याच देशाचा आणि त्याच मुस्लिम समाजाचा होता. ज्या समाजाकडे आपण संशयाने पाहतो, त्यातील सज्जनांची तोंडे आपणच बंद करतो. अपमानित माणूस इशारा द्यायला येत नाही. आखातात, युरोपात नोकरी करणारी आपली मुले परक्या विमानतळावर केवळ वर्ण किंवा नाव पाहून बाजूला काढली जातात, तेव्हा आपल्याला जे वाटते, तेच इतरांनाही वाटते.

मग किती सावध असावे? तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस ह्यांनी सावधपणाला विवेक ह्या सद्गुणाचे एक अंग मानले आहे. परंतु त्यांनी मर्यादाही सांगितली आहे. जी अरिष्टे वारंवार घडतात, ती बुद्धीला आकळतात आणि त्यांच्यापासून जपता येते. जी क्वचित आणि योगायोगाने घडतात ती अगणित असतात, त्या सर्वांविरुद्ध बंदोबस्त करणे मनुष्याला शक्य नाही. मात्र विवेकी माणूस मनाची अशी तयारी ठेवू शकतो की त्यांचा आघात सौम्य व्हावा. डेट्रॉइटच्या विमानात तेच दिसले. यंत्रे चुकली, याद्या चुकल्या. जागरूक सहप्रवासी आणि कर्तव्यदक्ष विमानसेवक कामी आले.

ह्यावरून एक अप्रिय निष्कर्ष निघतो. देखाव्याचा दोष केवळ सरकारांचा नाही. आपण प्रजाजन संपूर्ण सुरक्षिततेची हमी मागतो. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, म्हणून राज्यकर्ते आपल्याला तिचे चित्र दाखवितात. ‘धोका कमी करू, नाहीसा करू शकणार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या पुढाऱ्याला आपण दुसऱ्या दिवशी घरी बसवू. सत्य ऐकण्याचे धैर्य जेथे नसते, तेथे नाटकाला गर्दी होते.

तेव्हा, रांगेत उभे राहताना कुरकुर न करता तपासणीस सहकार्य करावे. तेथील शिपाईही पोटासाठी उभा असलेला आपला बंधूच आहे. त्याचबरोबर हा नियम कोणते भगदाड बुजवितो, कोणाची मानहानी करतो, हे विचारण्याचा आपला हक्कही सोडू नये. आणि कधी एखादा पिता जड पावलांनी आपल्या दारी येऊन ‘माझ्या मुलाचे काही खरे दिसत नाही’ असे सांगू लागला, तर हातातले काम बाजूस ठेवून त्याचे ऐकावे.